मामंजींची पाठ

माझ्या सासऱ्यांची पाठ मी जितकी पाहिली, तितकी माझ्या नवऱ्याचीही पाहिली नसेल. त्या काळी आमच्या उत्रोलीत कोणी सून हे मोठ्यानं बोलली असती, तर तिला गावानं वेड्यात काढलं असतं. आता मी म्हातारी झाले, भीड ठेवावी असं माणूस उरलं नाही, म्हणून बोलते. बोलायला उशीर झाला आहे हे मला ठाऊक आहे.

लढाईची वर्षं होती. रॉकेलची मारामार होती आणि भोरला अजून संस्थान होतं. आषाढात लावणी चालू असताना मामंजी खाचरात उभ्या उभ्या कोसळले. चौघांनी उचलून घरी आणलं तोवर उजवं अंग लुळं पडलं होतं, तोंड एका बाजूला ओढलं होतं आणि वाचा गेली होती. एक ‘हं’ तेवढा उरला. होकारालाही तोच आणि नकारालाही तोच.

सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. थोरले दीर भोरला कचेरीत शिपाई होते, त्यांचं आणि थोरल्या जावेचं बिऱ्हाड तिकडेच. नणंद सगळ्यांत मोठी, तिला वेल्ह्याच्या रस्त्यावर मार्गासनीला दिलेली. घरात उरलो मी आणि आमचे हे. सोप्यात मामंजींचं अंथरूण घातलं आणि त्यांना सांभाळायचं काम आपोआप आमच्या गळ्यात पडलं. माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझा राग ज्यांनी काम केलं नाही त्यांच्यावरही तितका नाही, जितका ते काम तपासायला येणाऱ्यांवर आहे.

पहिले दोन दिवस ह्यांनी वडलांचं सगळं केलं. पहाटे पुसायचं, धोतर बदलायचं, मग खाचरात जायचं ते दिवेलागणीलाच परत. पण माणूस काही पहाटे आणि दिवेलागणीलाच ओला होत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी होते आणि मामंजी बाहेर कण्हत होते. मी ऐकून घेतलं, पुन्हा ऐकून घेतलं, आणि मग गरम पाण्याची तपेली घेऊन गेले.

लग्नानंतरच्या सात वर्षांत मी त्यांच्यासमोर डोईवरच्या पदराशिवाय उभी राहिले नव्हते. त्यांच्याशी थेट बोलले नव्हते. भाकरी आणखी हवी का, हे मी भिंतीला विचारायचं आणि त्यांनी भिंतीलाच सांगायचं, अशी आमच्या घरची रीत. आता त्याच माणसाचं धोतर मला सोडायचं होतं. मी पदर डोक्यावर ओढला, त्याचं टोक दातांत धरलं आणि हात घातला. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

धुणं, पुसणं, कोरडं करणं होईपर्यंत ते डोळे उघडले नाहीत. मी तपेली उचलून आत गेले, तेव्हाच उघडले असतील. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पुढे पुढे तर मी पाणी घेऊन उंबऱ्यात दिसले, की ते डोळे मिटायचे. त्यांच्याकडे एवढंच उरलं होतं मला द्यायला. मी बघतेय हे त्यांनी बघायचं नाही. असं न बोलता आमच्या दोघांत ठरलं, आणि त्याच्या जोरावर आम्ही दोघं त्या सोप्यात माणसासारखे राहू शकलो.

अंथरुणाचं मात्र मला कोणी शिकवावं लागलं नाही. माझं माहेर शिवऱ्याचं. लहानपणी आमचा एक बैल पाय मोडून बसला होता. वडील त्याच्याखाली भाताचा पेंढा घालायचे, रोज बदलायचे, आणि दिवसातून चारदा गड्यांना हाका मारून त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करायचे. ते म्हणायचे, “बसल्या जनावराला कूस बदलावी लागती. न्हाईतर कातडं जातंय. कातडं गेलं की जनावर गेलं.” तो बैल पुन्हा नांगराला लागला नाही, पण उभा राहिला.

मी तेच केलं. मागच्या सालचा पेंढा माळ्यावर होता. तो चांगला झोडून, धूळ काढून हातभर जाड पसरला, वर गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याच्या मऊ घड्या. भिजलं की खालचा पेंढा काढून उकिरड्यावर टाकायचा, नवा सरकवायचा. दिवसातून चारदा मामंजींची कूस बदलायची. गडी नव्हते, मी एकटीच होते. पण म्हातारं माणूस हलकं असतं. आणि सोपा सारवणं मी बंद केलं. आमच्याकडच्या पावसात सारवलेली जमीन तीन तीन दिवस वाळत नाही, ती ओल खालून अंगात चढते. सव्वा महिना ते माझ्याकडे होते. त्यांच्या पाठीवर साधा लाल चट्टाही उठला नाही. हे मी छाती ठोकून सांगते, कारण ते पाहिलेली मी एकटीच आहे.

आणि मग माणसं समाचाराला येऊ लागली.

आजाऱ्याच्या समाचाराला जाणं हा आमच्याकडे धर्म आहे, पण त्यात निम्मी झडती असते. बाया उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधी जमीन बघतात. सारवलेली आहे का, पोतेऱ्याचे फेर एकसारखे उठलेत का, तांब्या घासलाय का, पांघरूण पांढरं आहे का. मग आजाऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन विचारतात, “मला वळीकलंसा का?” तोंड वाकडं झालेला म्हातारा ‘हं’ म्हणतो. मग दुसरी सरसावते, “अन् मला?” अशी प्रत्येकीची ओळख पटवून तो बिचारा थकला, की मंडळी गुळाचा चहा घेऊन निघतात. इतक्या माणसांत एकानंही कधी त्यांच्या पाठीखाली हात घालून पाहिला नाही. पण जमीन सारवलेली नाही आणि म्हातारा पेंढ्यावर आहे, एवढं सगळ्यांनी पाहिलं. आठ दिवसांत वाडीवस्तीवर झालं, की धाकटीनं सासऱ्याला गोठ्यात टाकलाय.

ते मार्गासनीला पोचायला कितीसा वेळ लागतो? गौरी उठल्यावर वन्सं आल्या. वाटेत भोरहून थोरल्या दिरांना घेऊन आल्या. वन्संनी सोप्यात पाऊल ठेवलं, जमिनीकडे पाहिलं, पेंढ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

“आमच्या बापाला जनावराचं हातरूण?” त्या ह्यांना म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

हे म्हणाले, “सुकं राहतंय आक्का, म्हून घातलंय.”

“सुकं? अन् जिमिनीला श्याण न्हाई लावलं त्ये बी सुक्यापायीच व्हय?”

मी आत चुलीपाशी होते. मामंजींची कूस बदलायची वेळ झाली होती, पाणी तापलं होतं. माणसं आहेत म्हणून मी थांबले, पण बराच वेळ झाला तरी कोणी उठेना. मामंजी कण्हायला लागले. म्हणून तपेली घेऊन मी उंबऱ्यापर्यंत आले. वाटलं, मला पाहून पुरुष बाहेर जातील. नेमक्या त्याच वेळी वन्संनी वडलांच्या तोंडाशी वाकून विचारलं, “दादा, तुमास्नी हितं बरं वाटतंया का? खरं सांगा.”

मामंजींची नजर वन्संच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. हातात तपेली पाहिली. आणि त्यांनी डोळे मिटले.

“बगा,” वन्सं म्हणाल्या. “बापाला बोलता येत न्हाई, पर डोळं मिटून सांगत्यात. ह्यांला हितं सुख न्हाई.”

त्या सोप्यात तेव्हा मी होते, हे होते, आणि अंथरुणावरचा तो माणूस होता. त्या मिटण्याचा अर्थ आम्हा तिघांना कळत होता. एकाची वाचा गेलेली. दुसरा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसला. आणि तिसरी मी. काय सांगायचं होतं मला? एवढंच, की मी त्यांना धुते, उघडं करून धुते, त्या लाजेपायी ते डोळे मिटतात, आता पाणी पाहिलं म्हणून मिटले. थोरले दीर समोर बसले होते. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी तपेली घेऊन मागं फिरले आणि परसात जाऊन ते पाणी अळूच्या मुळाशी ओतलं.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून मामंजींना भोरला नेलं. जाताना वन्सं मला म्हणाल्या, “तुला काय बोलत न्हाई मी. तुज्यानं झालं तेवडं तू केलंस.” असल्या मोठेपणाची मला अजून चीड येते. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भोर आमच्यापासून काही लांब नाही. हे दर चार-सहा दिवसांनी वडलांना बघायला जायचे. परत आले की मी विचारायची.

“झ्याक हायती. पलंगावर हायती. कापसाची गादी हाय, पांढरी चादर हाय. उदबत्ती लावलेली असती.”

“पाठ बघितली का?”

“पाठ कशापायी बघू?”

गावातली माणसंही जाऊन येत आणि मला मुद्दाम ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. काय ती खोली, काय तो पलंग, जमीन कशी लख्ख, थोरलीनं सासऱ्याला राजासारखा ठेवलाय. विहिरीवर, देवळापाशी, जिथं जावं तिथं थोरलीच्या पांढऱ्या चादरीच्या आरत्या. ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, की आपलंच चुकलं असेल. माणसानं जनावराचं शहाणपण माणसाला लावायला जाऊ नये. हे मी कबूल करते, कारण लोकांच्या बोलण्यानं माणूस स्वतःच्या हातांवरचा विश्वास कसा घालवतो, हे मला तेव्हा कळलं.

पितृपंधरवड्यात सासूबाईंच्या पानासाठी भाजी हवी होती. बाजाराचं निमित्त करून मी ह्यांच्याबरोबर भोरला गेले. गाडी घ्या म्हणून मीच सांगितलं. का सांगितलं ते मलाही कळलं नव्हतं.

थोरल्या जावेची खोली खरंच देखणी होती. जमीन त्याच दिवशी सारवलेली. तांब्यात तोंड दिसावं असा घासलेला. चादरीला एक सुरकुती नाही. मामंजींची दाढी केलेली, कपाळाला गंध. शेजारची एक बाई समाचाराला आली होती, ती जावेला म्हणत होती, “बाई, सेवा करावी तर अशी.” कोनाड्यात उदबत्त्या जळत होत्या. एक नाही, तीन. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि उदबत्तीच्या वासाखालचा दुसरा वास माझ्या नाकात शिरला. शिवऱ्याला आमच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात एक बैल मेला होता, त्याला कूस बदलायला कोणी नव्हतं, त्याचा होता तो वास.

मी पदर खोचला, त्या बाईच्या अंगावरून हात पुढं घातला आणि मामंजींना कुशीवर घेतलं. पांढऱ्या चादरीचा वरचा भाग तेवढा पांढरा होता. कंबरेच्या खाली माझा तळवा मावेल एवढी जखम होती आणि मध्ये पांढरं दिसत होतं, ते हाड होतं. समाचाराला आलेली बाई तोंडावर पदर घेऊन बाहेर पळाली. चहासुद्धा न घेता.

थोरले दीर सकाळ-संध्याकाळ समोरून धोतर बदलत होते. पाठीवर निजवलेला माणूस पहिल्या दिवसापासून पाठीवरच होता. जाऊबाई रडायला लागल्या.

“मी कसा हात लावू गं? सासरं हायती त्ये माजं. आजवर त्यांच्याम्होरं नजर वर केली न्हाई म्या.”

बाई खोटं बोलत नव्हती. वाईटही नव्हती. तिनं रीत पाळली होती. दिवसभर घासत होती, सारवत होती, उदबत्त्या लावत होती. ज्याला लोक बघणार होते ते सगळं तिनं जिवापाड सांभाळलं होतं. फक्त माणूस तेवढा कुजत होता.

“चादर पांढरी ठेवलीत जाऊबाई,” मी म्हणाले, “कातडं कुटं ठेवलंत?”

थोरले दीर दारात उभे होते. डोक्यावरचा पदर कधी पडला मला कळलं नाही. सात वर्षांत ज्यांच्यासमोर आवाज निघाला नव्हता त्यांच्यासमोर मी एवढी ओरडले, की आळीतली माणसं जमली. काय काय बोलले ते आता आठवत नाही. एवढं आठवतं, की मी ह्यांनाही सोडलं नाही. “तुमी तीन वेळा येऊन गेलासा,” मी म्हणाले, “उदबत्तीचा वास घेऊन गेलासा.” ह्यांनी गाडीत पेंढा पसरला. बैलांच्या वैरणीसाठी आणलेला तोच पेंढा.

संस्थानच्या दवाखान्यातल्या माणसानं जखम पाहिली, धुवायला औषध दिलं आणि म्हणाला, “अगोदर का नाही आणलंत?” 

घरी आणल्यावर पुन्हा तेच सुरू केलं. पेंढा, गोणपाट, दिवसातून चारदा कूस. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी उकळून निववायचं, जखम धुवायची, वरून दवाखान्यातली पूड. दुखायचं त्यांना फार. तरी मी पाणी घेऊन उंबऱ्यात आले, की डोळे मिटायचे. फरक एवढाच झाला, की आता मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायचं.

वन्संना निरोप गेला. त्या आल्या. या वेळी मी चुलीपाशी थांबले नाही. त्यांना म्हणाले, “वन्सं, हिकडं या. खांद्याखाली हात घाला. आता वढा तुमच्याकडं.” त्यांनी ओढलं. बापाच्या पाठीवर काय आहे ते त्यांनी पाहिलं. पण सोडलं नाही. मी जखम धुऊन होईपर्यंत त्यांनी बापाला धरून ठेवलं. मग बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत आल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “पेंढा जरा नवा घालत जा.” माफी म्हणून आमच्या घरात एवढंच यायचं.

नवा पेंढा मिळायला भाताची झोडणी व्हावी लागली. तोवर जखम कडेनं भरत आली होती, पण मधून नाही. तापानं अंग धरलं ते सोडेना. कार्तिकात नव्या पेंढ्याचा पहिला भारा मी त्यांच्याखाली घातला, त्याला अजून शेताचा वास होता, आणि त्यावर ते तीन दिवस जगले. कातडं गेलं की जनावर गेलं. माझ्या वडलांना हे कळत होतं, आणि त्यांना ना कचेरी माहीत होती ना पलंग.

दहाव्याला घर बायांनी भरलं. सोपा सारवलेला होता. मी नाही, कोणीतरी सारवला. गावातली एक म्हातारी, जिचा शब्द सगळ्या मानायच्या, सुस्कारा टाकून म्हणाली, “भोरला कसा राजावानी निजला व्हता. हितं आनला अन् पेंढ्यावर मेला.” दोन-चार जणींनी माना हलवल्या.

मी उठले आणि त्या दिवशी उंबऱ्यात अडकलेलं सगळं बोलून टाकलं. मी धुवायची त्यांना. रोज. उघडं करून. त्याच्या लाजेनं ते डोळे मिटायचे. वन्संनी विचारलं तेव्हा माझ्या हातात पाण्याची तपेली होती, ती पाहून मिटले. त्यांना हितं सुख होतं. पाठ कोरडी होती. तुम्ही कोणी बघितली नाही.

 कोणी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता वन्सं माझ्यावर धावून येतील, आणि त्या येवोत असंच मला वाटत होतं. माझ्याकडे त्यांच्यासाठी पुष्कळ शिल्लक होतं. पण त्या बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाल्या, “मंग त्या दिशी का न्हाई बोललीस?”

मला त्यांचा इतका राग आला, की मी परसात निघून गेले. पुढं कित्येक महिने मी त्यांच्याशी धड बोलले नाही. आता त्या नाहीत, जाऊबाई नाहीत, हेही नाहीत. कोणाच्या समाचाराला गेले, की मी जमीन बघत नाही. सरळ पांघरूण उचलते आणि पाठीखाली हात घालते. लोकांना ते आवडत नाही. म्हातारीला पोच नाही म्हणतात. म्हणोत.

पण वन्संच्या त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही ते नाहीच. तपेली हातात होती, माणसं समोर होती, तोंड माझंच होतं. मला लाज वाटली. एवढंच झालं होतं. आणि त्या दिवशी मी गप्प राहिले म्हणून गावात मला कोणी नावं ठेवली नाहीत. उलट, सून मर्यादेची आहे म्हणाले.